साठ-पंचावन्नचा बल्ब आणि उसाचा रस्ता

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही त्यावरची गावं. पावसाळ्याच्या तोंडाला तुकोबांची पालखी याच वाटेनं पंढरीला जाते आणि दिवाळीच्या आगेमागे ऊस सुरू होतो. पालखी मुक्कामाला थांबते, ऊस थांबत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एवढे कारखाने आजूबाजूला. गाळप चोवीस तास, म्हणून वाहतूकही चोवीस तास. हेडलाइटला कोणता बल्ब घालायचा, या प्रश्नावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर तासतासभर वाद झाले, त्याचं कारण या वाहतुकीत आहे. अंधारात पुढे चाललेल्या उसाच्या गाडीला मागे दिवाच नसायचा. तिच्या मागच्या दिव्याची उणीव आपण आपल्या पुढच्या दिव्यानं भरून काढू पाहत होतो. चाळीसेक वर्षांचा हा सगळा खटाटोप त्यातून निघालेला आहे.

ऐंशीच्या दशकात निवडीला फारसा वाव नव्हता. बजाजच्या जुन्या स्कूटरचा आणि लुनाचा दिवा थेट मॅग्नेटोवर चाले. इंजिनाचे फेरे वाढले की उजेड वाढे, गाडी मंदावली की दिवाही मलूल. खड्डा असेल म्हणून वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होई. चारचाकीत जीप, ॲम्बॅसिडर आणि फियाट. सगळ्यांचे दिवे गोल, काचेचे, आणि आत पंचेचाळीस-चाळीस वॅटचा साधा बल्ब. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली ती वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचं वालचंदनगर इंदापूर तालुक्यातलं. त्यामुळे तालुक्यातल्या जुन्या माणसांना फियाट थोडी घरचीच गाडी वाटायची. दिवा मात्र घरच्या गाडीचाही तेवढाच पिवळट. हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग फासायची किंवा मध्ये काळा ठिपका लावायची पद्धत होती. समोरच्याचे डोळे दिपू नयेत हा हेतू. आज हसू येईल, कारण त्या बल्बमध्ये डोळे दिपवण्याएवढा दम नव्हता. पण समोरच्या माणसाचा विचार गाडीच्या तोंडावरच रंगवलेला असे, हेही खरं.

मग हॅलोजन आला. साध्या बल्बमध्ये टंगस्टनच्या तारेची वाफ हळूहळू काचेवर बसते, काच आतून काळवंडते आणि तार झिजते. बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन भरलं की उडालेलं टंगस्टन त्याच्याशी संयोग पावून पुन्हा तारेवर येऊन बसतं. तार जास्त तापवता येते, उजेड वाढतो आणि काच स्वच्छ राहते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९५९ च्या सुमारास हे साधलं. युरोपात गाड्यांसाठी एच-१ बल्ब १९६२ मध्ये आला आणि दोन तारांचा एच-४ १९७१ मध्ये. आपल्या रस्त्यावर तो रुळायला नव्वदचं दशक उजाडलं. जुन्या जीपच्या होल्डरमध्ये बसेल अशा बुडाचा हॅलोजनही दुकानात मिळू लागला आणि जुन्या गाड्यांनी नवे डोळे लावून घेतले.

एच-४ च्या आत पाहिलंय कधी? डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. अप्परच्या तारेला वाटी नाही, म्हणून तिचा उजेड संपूर्ण रिफ्लेक्टर वापरतो. अप्पर-डिपरचं सगळं गणित त्या वाटीवर आणि दोन तारांच्या जागेवर बेतलेलं आहे. तार मिलिमीटरभर जरी सरकली तरी उजेड भलतीकडे जातो. ही गोष्ट बल्ब घेताना जवळजवळ कुणीच विचारात घेतली नाही. आम्ही सगळे वॅटच्या मागे होतो.

कायद्याचा बल्ब साठ-पंचावन्नचा. दुकानात मागणी शंभर-नव्वदला. वडापच्या जीप, दुधाच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडं नेणाऱ्या ट्रॅक्स, सगळ्यांना शंभर-नव्वद हवा. साधा हिशोब कुणी करत नसे. बारा व्होल्टवर शंभर वॅटचा एक बल्ब आठ अँपिअरहून जास्त ओढतो, म्हणजे दोन बल्बांचे सोळा-सतरा. गाडीची वायर आणि स्टिअरिंगजवळचा स्विच दहा अँपिअरच्या हिशोबानं बसवलेला. म्हणून आधी होल्डर पिवळा पडे, मग तपकिरी, मग वितळलेल्या प्लास्टिकचा वास. कुणाचा स्विच जळाला, कुणाचा रिफ्लेक्टर उष्णतेनं काळा पडला. बल्ब मोठा आणि उजेड कमी, अशा गाड्या मी किती तरी पाहिल्या आहेत.

उजेड कमी का, याचं उत्तर जुन्या वायरमन लोकांना पाठ होतं. बल्बपर्यंत पोचता पोचता व्होल्टेज गळतं. ते दहा टक्क्यांनी कमी झालं तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. बॅटरीतून जाड वायर थेट पुढे आणायची, मध्ये रिले आणि फ्यूज टाकायचा, जुन्या स्विचनं फक्त रिले चालवायचा, अर्थिंग घासून घट्ट करायचं. एवढं केलं की तोच साठ-पंचावन्न नवा वाटतो. बारामतीच्या भिगवण रस्त्यावर आणि इंदापूरला सोलापूर रस्त्याच्या कडेला अशी कामं करणारे हात होते. गिऱ्हाइकाला मात्र त्यात गोडी नसे, कारण वायर दिसत नाही आणि बल्बचं खोकं दिसतं. माझं मत विचाराल तर या चाळीस वर्षांत आपल्या गाड्यांच्या दिव्यांवर झालेला सर्वांत शहाणा खर्च म्हणजे रिले.

उलटही व्हायचं. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढलं की बल्ब झटपट उडत. पाच टक्के जास्त व्होल्टेजवर आयुष्य निम्म्यावर येतं. तिथेही दोष कंपनीवर जाई आणि माणूस दुसऱ्या कंपनीचा बल्ब मागे. बोटांनी काच धरून बसवलेला हॅलोजनही लवकर जातो. हाताचा घाम आणि तेल तापलेल्या क्वार्ट्झला मानवत नाही. फडक्यानं धरावा, इतकंच. आणि दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदलावेत, कारण एक उडाला म्हणजे दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात.

दुचाक्यांकडे एक मोठा बदल न मागता आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. सुरुवातीला दर चौकात लोक हात हलवून सांगायचे, ‘लाईट चालूय!’ त्याच काळात स्प्लेंडरसारख्या गाड्यांना बाजारातले एलईडी बल्ब घालायची टूम निघाली. ज्या गाड्यांचा दिवा अजून मॅग्नेटोच्या एसी करंटवर होता, त्यांत ते बल्ब लुकलुकत आणि थोड्याच दिवसांत मरत.

झेनॉनचं युग आमच्याकडे आलं आणि गेलं. बॅलास्ट, निळसर झोत, आणि स्कॉर्पिओच्या तोंडावर दोन चंद्र. युरोपात असा प्रखर दिवा बसवायचा तर उजेडाची पातळी आपोआप सावरणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा. आपण फक्त किट आणलं.

एलईडीनं खरा गोंधळ घातला, कारण तो स्वस्त झाला. तोच एच-४ चा आकार, मागे छोटा पंखा, खोक्यावर सहा हजार, सहा हजार पाचशे केल्विनचा पांढराशुभ्र आकडा. हॅलोजन तीन हजार दोनशेच्या आसपास. हा आकडा रंगाचा आहे, उजेडाचा नाही, हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. चिप तारेच्या नेमक्या जागी नसेल आणि वाटीचं काम करणारा आडोसा अचूक नसेल, तर डिपर लावूनही अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत. गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर मात्र लख्ख पांढरं अंगण होतं. चालकाला वाटतं, काय उजेड पडलाय! जवळचं उजळलं की डोळ्याची बाहुली आवळते आणि दूरचं आणखी काळं होतं. उसाची ट्रॉली तर दूरच असते. पंख्यामुळे मागचं रबरी झाकण नीट बसत नाही, ते वेगळंच; पहिल्या पावसात रिफ्लेक्टरवर बाष्प धरतं. काही देशांत मान्यताप्राप्त बदली एलईडी मिळू लागले आहेत, पण तिथे प्रत्येक गाडीच्या दिव्यासाठी तो बल्ब तपासून, यादीत नाव घालून विकला जातो. आमच्याकडे बल्ब कोणत्याही गाडीत बसतो, हीच त्याची जाहिरात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०६ वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत कायमचा खाली झुकलेला असावा किंवा चालकाला खाली झुकवता यावा, इतका की आठ मीटरवर दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. चालत जाणाऱ्या शेतमजुराचाही विचार त्या नियमात आहे.

धुक्याचा मुद्दा इथे घ्यायला हवा, कारण उजनीचं पाणी भिगवण, पळसदेवच्या बाजूनं सोलापूर रस्त्याला लगटून आहे आणि थंडीत पहाटे तिथे धुकं उतरतं. धुक्यात पिवळा दिवाच हवा, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात, की रंगानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो उजेड वर किती सांडतो यानं. वर सांडलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. म्हणून तिथे जुना हॅलोजन डिपर बरा आणि बेशिस्त पांढरा एलईडी वाईट. पिवळा कागद चिकटवून त्यावर इलाज होत नाही.

सगळा दोष बल्बचा नसतो. २००५ नंतर टाटा एस आणि बोलेरो पिकअप आल्या आणि डाळिंब, भाजीपाला, दूध रात्रीत पुण्याला जाऊ लागलं. मागे टनभर माल पडला की गाडीचं नाक वर होतं आणि साधा, कायदेशीर डिपरसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागतो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचं एक चक्र असतं, ते दिवा खाली झुकवण्यासाठी. अनेकांनी ते जन्मात फिरवलेलं नाही. पूर्वीच्या काचेच्या जागी आलेलं पॉलिकार्बोनेट आमच्या उन्हात चार-सहा वर्षांत पिवळं, धुरकट होतं. त्यामागे कोणताही बल्ब घाला, उजेड अडतोच. पॉलिश करून घ्यायला बल्बहून जास्त पैसे लागत नाहीत. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली येते का, हे पाहायला तर काहीच लागत नाही.

आणि ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आता अंधारात जात नाही, हे मान्य करायला हवं. आरटीओ आणि कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात, ट्रॉलीच्या मागे लाल कापड, लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. बैलगाडीच्या मागच्या दांडीलाही एखादी पट्टी असते. पट्टी काही रुपयांची, आणि शंभर-नव्वदनं जे साधलं नाही ते ती साधते. समोरच्या वस्तूनं उजेड परत पाठवला तर साठ-पंचावन्नही पुरतो. अडचण आता वेगळी आहे. शेतात कामासाठी मागे बसवलेला पांढरा दिवा रस्त्यावर आला तरी चालूच राहतो. मागून येणाऱ्याला वाटतं, समोरून गाडी येतेय. आधी दिव्यावाचून धोका होता, आता चुकीच्या रंगाच्या दिव्यानं होतो. कारखान्यांनी काट्यावर वजन करताना हे दिवे तपासले तर बरंच काही टळेल, असं माझं म्हणणं आहे.

रस्तेही बदलले. सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, पालखी मार्गाचं पाटस-बारामती-इंदापूरचं काम राष्ट्रीय महामार्ग ९६५जी म्हणून झालं. मध्ये दुभाजक आला की समोरचा झोत बराचसा पलीकडेच राहतो. ज्यांच्यासाठी आपण मोठे बल्ब घातले, ते प्रसंगच कमी होत चालले आहेत. गावाकडे वळणारे आतले रस्ते मात्र अजून एकपदरीच, आणि ऊस निघतो तो तिथूनच.

बऱ्याच नव्या गाड्यांत निवडायला बल्ब उरलेलाच नाही. दिवा अख्खा एलईडीचा, बंद डबीतला; बिघडला तर सगळी डबीच बदलायची. बदली बल्बचं गिऱ्हाईक आता जुन्या बोलेरोचा, जुन्या पिकअपचा मालक. तो दुकानात आला, तर त्यानं मूळचा साठ-पंचावन्न, नामांकित कंपनीचा, जोडीनं घ्यावा. दूरचं थोडं जास्त हवं असेल तर त्याच वॅटचे, तार जरा नेमकी बसवलेले महागडे प्रकार मिळतात. त्यांचं आयुष्य कमी असतं, हे समजून घ्यावेत. खोक्यावरचा ‘अमुक टक्के जास्त’ हा आकडा रस्त्याच्या एका ठरावीक तुकड्यापुरता असतो. राहिलेल्या पैशात रिले बसवावा, काच घासून घ्यावी. निळ्या काचेचा बल्ब दिला तर परत करावा.