विसंगत संघबांधणी आणि चाहत्याचे वैफल्य : एफसी पुणे सिटीच्या पाच हंगामांचे विवेचन (२०१४–२०१९)

सारांश

फुटबॉल संघाचा पराभव चाहत्याला दुःख देतो, तर संघाची विसंगत बांधणी त्याला वैफल्य देते. या दोन भावनांमधील भेद प्रस्तुत लेखात एफसी पुणे सिटी या क्लबच्या आधारे स्पष्ट केला आहे. संघनिवडीची पद्धत, प्रशिक्षकांचे सातत्याने होणारे बदल आणि नामांकित परंतु उतरत्या वयातील खेळाडूंवरील भर यांमुळे संघात अंतर्गत मेळ निर्माण होऊ शकला नाही. चाहत्याची तक्रार हा केवळ भावनिक उद्रेक नसून संघबांधणीवरील एक विचारक्षम टीका असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संघबांधणी, समन्वय, चाहता, निष्ठा, इंडियन सुपर लीग, पुणे.

प्रस्तावना

पुणे शहराची क्रीडाविषयक ओळख क्रिकेट, कुस्ती, बॅडमिंटन व बुद्धिबळ या खेळांशी जोडली गेली आहे. फुटबॉलची परंपरा येथे आहे, परंतु ती दीर्घकाळ लष्कर परिसर, खडकी आणि काही शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांपुरती मर्यादित राहिली. २००७ नंतर मात्र व्यावसायिक क्लबांच्या रूपाने हा खेळ शहरात नव्याने उभा राहिला. २००७ ते २०१९ या काळात पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब राष्ट्रीय पातळीवरील लीगमध्ये खेळले. यांपैकी एकही आज त्या पातळीवर शिल्लक नाही.

यांतील एफसी पुणे सिटी हा क्लब सर्वाधिक गाजला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या आठ संस्थापक संघांपैकी तो एक होता. वाधवान उद्योगसमूहाची मालकी, अभिनेता हृतिक रोशन यांची भागीदारी आणि इटलीतील फिओरेंटिना क्लबचे सहकार्य असे भक्कम पाठबळ त्याला लाभले. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात त्याचे सामने होत आणि ‘ऑरेंज आर्मी’ या नावाने ओळखले जाणारे चाहते तेथे जमत. तरीही पाच हंगामांत हा संघ केवळ एकदाच उपांत्य फेरीत पोहोचला.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. संघातील मेळ ही संकल्पना स्पष्ट करणे.
२. एफसी पुणे सिटीच्या संघबांधणीतील विसंगतीची कारणे शोधणे.
३. चाहत्याच्या वैफल्याचे स्वरूप आणि त्याचा अर्थ समजून घेणे.

हे विवेचन सर्वेक्षणावर आधारलेले नसून क्रीडाविषयक सार्वजनिक नोंदी आणि सामाजिक शास्त्रांतील काही मांडण्या यांवर आधारलेले आहे.

संघ म्हणजे खेळाडूंची बेरीज नव्हे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इव्हान स्टायनर यांनी १९७२ मध्ये गटाच्या कार्यक्षमतेविषयी एक साधे सूत्र मांडले. गटाची प्रत्यक्ष उत्पादकता म्हणजे त्याची संभाव्य उत्पादकता वजा प्रक्रियेत होणारी घट. ही घट प्रामुख्याने दोन कारणांनी होते : समन्वयाचा अभाव आणि प्रेरणेचा अभाव. गटातील व्यक्ती कितीही गुणवान असल्या तरी त्यांची कामे परस्परांत नीट बसली नाहीत, तर ती गुणवत्ता वाया जाते, हा या सूत्राचा आशय आहे.

क्रिकेटशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाने केलेल्या धावा संघाच्या धावसंख्येत थेट मिळवल्या जातात, म्हणजे त्या खेळात बेरजेचा अंश मोठा आहे. फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू पोहोचवणारा मधल्या फळीतील सहकारी नसेल, तर त्याचे कौशल्य दिसतच नाही. बचावफळी मागे राहून खेळणारी आणि मधली फळी पुढे धावणारी असेल, तर दोहोंमध्ये मोकळी जागा निर्माण होते आणि प्रतिस्पर्धी तिचा लाभ घेतात. डाव्या बगलेवर खेळणारा स्वाभाविक खेळाडू नसल्यास तेथे दुसऱ्याच जागेवरचा खेळाडू उभा करावा लागतो, आणि त्याची मूळ जागाही कमकुवत होते. एका जागेची उणीव अशा रीतीने तीन जागांवर पसरते.

रॉडरिक स्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असाच भेद आढळतो. एका मर्यादेपलीकडे नामांकित खेळाडूंची संख्या वाढली की फुटबॉल व बास्केटबॉलमध्ये संघाची कामगिरी खालावते, परंतु परस्परावलंबन कमी असलेल्या बेसबॉलमध्ये तसे घडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. फुटबॉलबाबतच्या या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. तथापि परस्परावलंबन जितके अधिक, तितके समन्वयाचे मोल अधिक, हे तत्त्व सर्वसाधारणपणे मान्य आहे.

लीगची चौकट आणि विसंगतीची बीजे

एफसी पुणे सिटीच्या अपयशाचे सर्व खापर त्याच्या व्यवस्थापनावर फोडणे न्याय्य ठरणार नाही. लीगची रचनाच अशी होती की विसंगतीची बीजे तिच्यात होती. पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४ या अवघ्या दहा आठवड्यांत पार पडला. प्रत्येक संघाला साखळीत चौदा सामने खेळावे लागले. इतक्या अल्पावधीत एकमेकांना अनोळखी असलेल्या खेळाडूंनी सवयीचा मेळ साधावा, ही अपेक्षाच अवघड होती. अनेक भारतीय खेळाडू आय-लीगमधील क्लबांकडून काही महिन्यांपुरते घेतलेले असत व हंगाम संपताच ते आपल्या मूळ क्लबकडे परतत.

दुसरी बाब निवडपद्धतीची. भारतीय खेळाडूंची निवड पाळीपाळीने करण्याची पद्धत होती. आपली पाळी येईपर्यंत हवा असलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेलेला असे. अशा वेळी गरजेपेक्षा उपलब्धता निर्णायक ठरते. २०१५ मध्ये मोजक्या भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला आणि पुण्याने युजीनसन लिंगडोह या मधल्या फळीतील खेळाडूसाठी १ कोटी ५ लाख रुपये मोजले. खेळाडू उत्तम होता, परंतु लिलावात क्लब गुणवत्ता विकत घेऊ शकतो, तिला पूरक अशी सोबत नाही.

तिसरी बाब तारांकित खेळाडूची. पहिल्या तीन हंगामांत प्रत्येक संघाने जागतिक कीर्तीचा एक खेळाडू घेणे बंधनकारक होते. २०१७-१८ पासून ही अट ऐच्छिक झाली. नव्या लीगकडे प्रेक्षक वळवण्यासाठी हा उपाय समजण्यासारखा होता. मात्र त्यामुळे संघाचा आराखडा आधी ठरवून त्यात खेळाडू बसवण्याऐवजी, नाव आधी ठरवून त्याभोवती संघ रचण्याचा क्रम रूढ झाला.

पाच हंगामांचा आलेख

२०१४ मध्ये इटालियन प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा यांच्या हाती संघ होता. फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातील डेव्हिड ट्रेझेगे हा पुण्याचा तारांकित खेळाडू. हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात त्याने वयाची ३७ वर्षे पूर्ण केली. २००४ च्या युरो विजेत्या ग्रीक संघातील कोस्तास कात्सुरानिस हाही सोबत होता. लीगमधील दुसऱ्याच सामन्यात मुंबई सिटीने पुण्याचा ५–० असा पराभव केला. हंगामाअखेर संघ सहावा आला.

२०१५ मध्ये इंग्लंडचे माजी कर्णधार डेव्हिड प्लॅट आले आणि संघ जवळजवळ नव्याने रचला गेला. रुमानियाचा एड्रियन मुटू, तुर्कस्तानचा तुंजाय सान्ली, आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा, नायजेरियाचा कालू उचे, इंग्लंडचा रॉजर जॉन्सन अशी नामावली कागदावर भारदस्त वाटत होती. पहिल्या सामन्यात मुंबईवर ३–१ असा विजयही मिळाला. तरीही हंगामाअखेर संघ सातव्या स्थानी घसरला.

२०१६ मध्ये अंतोनिओ लोपेझ हबास यांची नियुक्ती झाली. २०१४ मध्ये कोलकात्याला विजेतेपद मिळवून देणारे हे प्रशिक्षक शिस्तबद्ध बचावासाठी प्रसिद्ध होते. तारांकित खेळाडू म्हणून निवडलेला आइसलँडचा आयदुर गुडयॉन्सन हंगामापूर्वीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मालीचा मोहम्मद सिसोको आला. गुडयॉन्सन हा गोल करणारा, तर सिसोको प्रतिस्पर्ध्याचा खेळ मोडून काढणारा. आघाडीच्या खेळाडूची जागा मधल्या फळीतील खेळाडूने भरली गेली. संघ पुन्हा सहावा आला.

२०१७-१८ हा हंगाम अपवादात्मक ठरला. रान्को पोपोविच हे सर्बियन प्रशिक्षक होते. ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो या जोडीची कामे परस्परांना पूरक होती : एक चेंडू घेऊन जागा निर्माण करणारा, दुसरा त्या जागेत शिरून गोल करणारा. शिवाय दोघांनाही या लीगचा पूर्वानुभव होता. गोलरक्षक विशाल कैथ, आदिल खान, आशिक कुरुनियन अशा भारतीय खेळाडूंनी संघाला आधार दिला. संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पराभूत झाला. पुण्यातील सामना ०–० असा बरोबरीत सुटला, तर बंगळुरूत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी ३–१ असा निकाल लागला. ट्रेझेगे किंवा मुटू यांच्या तोडीचे एकही नाव नसलेला संघच सर्वाधिक यशस्वी ठरला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

हे सातत्य मात्र टिकले नाही. २०१८-१९ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर जावे लागले. काही काळ प्रद्युम रेड्डी यांनी धुरा सांभाळली आणि डिसेंबर २०१८ मध्ये फिल ब्राऊन आले. संघ सातवा आला. पाच हंगामांत एकाही प्रशिक्षकाला येथे दुसरा हंगाम सुरू करता आला नाही. इटालियन, इंग्लिश, स्पॅनिश, सर्बियन अशा प्रत्येक प्रशिक्षकाची खेळाची कल्पना वेगळी. एकाच्या कल्पनेनुसार घेतलेला खेळाडू दुसऱ्याच्या कल्पनेत परका ठरतो. संघबांधणीतील विसंगतीचे मूळ येथे दिसते.

चाहत्याचे वैफल्य : स्वरूप व अर्थ

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की, संस्थेचा दर्जा घसरला की तिच्याशी संबंधित व्यक्तीपुढे दोन मार्ग असतात : निर्गमन, म्हणजे ती संस्था सोडणे, किंवा आवाज, म्हणजे तक्रार करून सुधारणेचा आग्रह धरणे. यांपैकी कोणता मार्ग निवडला जाईल, हे बऱ्याच अंशी निष्ठेवर अवलंबून असते.

ग्राहक साबण बदलतो तसा चाहता संघ बदलत नाही. निर्गमनाचा मार्ग त्याने मनातून बंद केलेला असतो. उरतो तो आवाज. परंतु खेळाडूंची निवड, प्रशिक्षकाची नेमणूक, अर्थव्यवहार यांपैकी कोणत्याही निर्णयात त्या आवाजाला स्थान नसते. कारण कळते, उपायही सुचतो, पण ऐकणारा कोणी नसतो. या अवस्थेलाच येथे वैफल्य म्हटले आहे. पराभवाचे दुःख पुढच्या विजयाने पुसले जाते. वैफल्य पुसले जात नाही, कारण चाहत्याला त्याच चुकीची पुनरावृत्ती पुढच्या हंगामातही दिसत असते.

चाहत्याच्या तक्रारीची भाषा अनेकदा कठोर असते. परंतु तिच्यातील आशय पाहिला तर तो स्टायनर यांच्या सूत्राहून फारसा वेगळा नाही. ‘नावे आहेत, संघ नाही’ अशा आशयाचे साधे वाक्य समन्वयातील घटच सांगत असते. हंगामामागून हंगाम गॅलरीत बसून खेळ पाहणाऱ्याला कोणती जागा रिकामी आहे, हे नेमके कळते. हे अनुभवजन्य ज्ञान दुर्लक्षिणे म्हणजे संस्थेने सुधारणेचे एक विनामूल्य साधन गमावणे होय.

कोल्हापूरच्या फुटबॉलशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांसारखे संघ पेठांमधून आणि तालमींमधून उभे राहिले. शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी येणारा प्रेक्षक हा त्या पेठेचाच भाग असतो. संघाविषयीची नाराजी तो तालमीच्या कट्ट्यावर बोलून दाखवू शकतो. त्याच्या आवाजाला व्यासपीठ आहे. गुंतवणुकीतून उभ्या राहिलेल्या क्लबमध्ये असे व्यासपीठ आपोआप निर्माण होत नाही. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, क्लबमधील बहुसंख्य मताधिकार सदस्यांकडे राहतो. भारतीय लीगमध्ये अशी तरतूद झाली नाही.

अखेरचे निर्गमन

हर्शमन यांच्या मांडणीत निर्गमन करणारी ती व्यक्ती असते. पुण्यात याउलट घडले. चाहते राहिले आणि क्लब गेला. आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीचे कामकाज थांबले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. फिल ब्राऊन आणि पुण्याचे अनेक खेळाडू तिकडे गेले. त्या पहिल्या हंगामात हैदराबादचा संघ शेवटच्या स्थानी राहिला. पुढे मानोलो मार्केझ यांच्याकडे सलग हंगाम संघ सोपवला गेला, तरुण भारतीय खेळाडूंना संधी मिळाली आणि मार्च २०२२ मध्ये, मार्केझ यांच्या दुसऱ्या हंगामात, हैदराबाद विजेता ठरला. पुण्याला जे कधी मिळाले नाही ते सातत्य तेथे मिळाले.

इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स येथे स्थलांतराची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब स्थापन केला. तेथे शतकाहून अधिक काळाची परंपरा चाहत्यांच्या पाठीशी होती. पुण्यातील चाहत्यांना मिळाली होती केवळ पाच वर्षे. त्यापूर्वी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी गेला, एकाच हंगामानंतर भारत एफसी गेला, २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्सनेही माघार घेतली. निष्ठा रुजण्यास वेळ लागतो, आणि तो वेळच या शहराला दिला गेला नाही.

निष्कर्ष

१. संघाची गुणवत्ता खेळाडूंच्या कीर्तीच्या बेरजेवर नव्हे, तर त्यांच्या भूमिकांच्या परस्परपूरकतेवर अवलंबून असते. २०१७-१८ चा हंगाम याची साक्ष देतो.

२. अल्पकालीन हंगाम, पाळीपाळीची निवड, तारांकित खेळाडूची सक्ती आणि प्रशिक्षकांची अस्थिरता ही पुण्याच्या संघातील विसंगतीची प्रमुख कारणे होत.

३. चाहत्याचे वैफल्य म्हणजे निर्गमन नाकारलेल्या परंतु आवाज नसलेल्या निष्ठेची अवस्था होय. तिला अडाणी संताप समजणे चुकीचे आहे.

४. शहरात पुन्हा व्यावसायिक क्लब उभा राहिल्यास चाहत्यांच्या प्रतिनिधींना सल्लामसलतीत स्थान देणे, स्थानिक प्रबोधिनीतून खेळाडू घडवणे आणि प्रशिक्षकास किमान दोन-तीन हंगामांची मुदत देणे या गोष्टी आवश्यक ठरतील. पुणे एफसीच्या प्रबोधिनीत घडलेला आशिक कुरुनियन पुढे भारतीय संघापर्यंत पोहोचला, ही या मार्गाची फलश्रुती आहे.

बालेवाडीचे मैदान आजही उभे आहे आणि शहरात फुटबॉल खेळणारी मुलेही आहेत. पुढचा क्लब येईल तेव्हा त्याने खेळाडूंची यादी जाहीर करण्यापूर्वी, आपण कोणत्या पद्धतीने खेळणार आणि किती वर्षे येथे राहणार, या दोन प्रश्नांची उत्तरे पुणेकरांना द्यावीत. चार क्लब गमावलेल्या शहराचा एवढा अधिकार निश्चितच आहे.