काय हसण्यावारी न्यावं, काय नेऊ नये

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली आज नर्सिंग शिकतात. कुणी एएनएम, कुणी जीएनएम, कुणी बी.एस्सी. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या घाटी रुग्णालयात आपण बाहेर नंबर लावून बसतो, तेव्हा आत वॉर्डात अठरा-एकोणीस वर्षांची एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा मृत्यू पाहत असते.

इंजेक्शन चुकेल का, सिस्टर रागावतील का, ही धास्ती मनात बसते. अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. छाती धडधडते, मान-खांदे आखडतात, झोप उडते.

मग रात्री होस्टेलवर एखादी म्हणते, "बाहुलीला शंभर सुया टोचल्या, एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. आज आजोबांनी नुसती सुई बघूनच बोंब ठोकली!" सगळ्या पोट धरून हसतात. हा थिल्लरपणा नव्हे. खळखळून हसल्यावर आखडलेले स्नायू सैल पडतात, श्वास मोकळा होतो. शिवाय 'भीती मला एकटीलाच वाटत नाही' हे कळतं. औषध खरं तिथेच आहे.

पण प्रत्येक विनोद औषध नसतो. आपल्या फजितीवर मैत्रिणींसोबत हसणं वेगळं आणि सतत "मी ठोंबीच आहे" म्हणत स्वतःला पाडून हसणं वेगळं. रुग्णाच्या दुखण्यावर, गरिबीवर त्याच्यासमोर हसू नये. आणि आडनाव, जात, रंग किंवा बोलीवरून कुणी 'गंमत' करत असेल, तर तो विनोद नाही, अपमान आहे. तिथे "हसण्यावारी ने" असा सल्ला मुलीला देऊ नका. काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवायला सांगा, प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे.

लेक ड्युटीवरून आली, की आधी "पगार कधी सुरू होणार?" असं विचारू नका. "आज काय गंमत झाली?" असं विचारा. ती सांगेल त्यावर हसा. सांगता सांगता रडली, तर जवळ बसा. हसणंच बंद झालं, जेवण-झोप तुटली, "मला जगायचंच नाही" असं ती थट्टेतही म्हणाली, तर ते थट्टा समजू नका. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

दुसऱ्यांची सेवा शिकणाऱ्या लेकीची काळजी घरानं घ्यायची असते.