फिरत्या घराचें सुटलेलें पोट

मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाचें जें चाकांचें घर, त्यास अमेरिकेंत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आंत पलंग, चूल, मोरी, शौचकूप, सर्व कांहीं. ही कल्पना नवी नव्हे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनें आपला ‘क्लिपर’ 1936 सालींच बाजारांत आणला. आणि आज इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट परगण्यांत अशीं घरें बांधणारे कारखाने शेजारीं शेजारीं उभे आहेत. या घराच्या छपराविषयीं जो तो बोलतो. पोटाखालीं वांकून पाहणारा मात्र विरळा.

जमिनीखालीं लोखंडी तुळयांची चौकट असते. तिच्यांत पाण्याच्या टांक्या, नळ, विजेच्या तारा आणि ऊब धरून ठेवणारी कांचलोकरीची गादी दडलेली असते. या सर्वांवर खालून एक आवरण ठोकतात. एअरस्ट्रीममध्यें तें ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें असतें; इतर पुष्कळ गाड्यांत कोरोप्लास्टसारखा, म्हणजे आंतून पोकळ नळ्या असलेला काळा प्लॅस्टिकचा तक्ता लावतात. जाडी अवघी कांहीं मिलिमीटर. खाटेची नवार सैल पडावी तसा हा तक्ता कालांतरानें लोंबूं लागतो.

माझ्या मुलीची अशी एक गाडी इंडियानांत आहे. गेल्या ऑक्टोबरांत तिनें दूरध्वनीवर सांगितलें, “बाबा, आमच्या गाडीला पोट सुटलंय!” विनोद ठीक होता, पण थंडी तोंडावर आली होती आणि तेथील एका दुरुस्तीवाल्यानें वसंत ऋतूपर्यंत थांबावयास सांगितलें होतें. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. आवरण उघडें राहिलें तर भट्टीची ऊब निघून जाते, नळ फुटतात, आणि सबंध हिवाळाभर कोणाच्या तें लक्षांतहि येत नाहीं. शिवाय लोंबणाऱ्या तक्त्याची पुढची कड एकदां सुटली कीं ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा तींत शिरतो. त्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें 45 किलो भरतो. तक्ता फाटून मागच्या मोटारीवर जावयास तेवढा पुरे आहे.

पोट कां सुटतें? साधारणपणें सर्व दोष स्क्रूवर टाकतात. तो अर्धवट खरा आहे. बारीक डोक्याचा स्क्रू मऊ प्लॅस्टिकांतून ओढला जातो हें खरेंच. परंतु हें प्लॅस्टिक तापलें कीं फार वाढतें. आठ फुटांचा तक्ता तीस अंशांनीं तापला तर 7 ते 10 मिलिमीटर लांब होतो, आणि भोकें घट्ट असल्यास ती वाढ खालीं फुगवट्याच्या रूपानें बाहेर पडते. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें कारण पाणी. चार फूट लांब व चार फूट रुंद जागेंत केवळ एक सेंटीमीटर पाणी सांचलें तरी पंधरा किलो वजन होतें. म्हणून पाण्याचा छडा लागेपर्यंत एकहि नवा स्क्रू मारूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. ओलें पोट आवळून बांधलें तर वरची लांकडी जमीन कुजेल.

मुलीला मीं प्रथम एवढेंच सांगितलें: बोटाच्या पेरानें ठोकून पाहा. बद्द आवाज आला आणि तक्ता जड लागला तर सर्वांत खालच्या ठिकाणीं लहानसें भोंक पाडून, आपण बाजूस सरून, पाणी बादलींत घ्यावें. वास सांडपाण्याचा असेल तर टांकीची वा तिच्या नळाची जोडणी तपासावी. पाणी स्वच्छ असेल तर सर्व तोट्या बंद करून पंप चालू ठेवावा. कोणी पाणी घेत नसतां तो मधूनमधून आपोआप धडधडूं लागला, तर दाबाचा नळ कोठेंतरी गळत आहे. पंप गप्प राहिला आणि पाणी पावसानंतरच येत असेल तर खिडक्यांच्या व छपराच्या सांध्यांकडे वळावें. मुलीच्या गाडींत पंप दर वीस मिनिटांनीं बोलत होता. मोरीखालच्या नळाची एक जोडणी सैल झाली होती.

कामास लागण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं मोटारीस जोडलेलीच ठेवावी व चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. कोपऱ्यांतले बारीक जॅक गाडी डुलूं नये म्हणून असतात, भार पेलण्यासाठीं नव्हेत. त्यांच्या भरंवशावर खालीं शिरणें हा आत्मघात. गॅसच्या टाक्या व वीज बंद करावी. चष्मा, हातमोजे व तोंडाला फडकें हवेंच. कांचलोकर कातडीस झोंबते, आणि उंदरांनीं तेथें संसार थाटलेला असतो तो वेगळाच.

सर्व तक्ता काढूं नये. सुटलेल्या भागाचे स्क्रू काढून तेवढाच खालीं झुकवावा. भिजलेली कांचलोकर वाळवीत बसण्यांत अर्थ नाहीं. ती टाकून नवी घालावी आणि आंतली पोकळी दोन-तीन दिवस हवेशीर ठेवावी. मग तक्ता परत लावतांना शक्यतों जुन्याच भोकांचा उपयोग करावा. प्लॅस्टिकांतलीं भोकें स्क्रूच्या दांड्याहून मोठीं करून प्रत्येक स्क्रूखालीं रुपयाहून मोठी रुंद चकती घालावी, म्हणजे तक्त्यास सरकावयास वाव राहतो. नवें भोंक पाडणें अटळ असेल तर वर टांकी, तार वा गॅसची नळी नाहीं हें हातानें चांचपून पाहिल्याशिवाय गिरमिट चालवूं नये.

लोंबण्याची खोड जुनी असेल तर आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या द्याव्यात. त्या लोखंडास लागतील तेथें मध्यें रंग वा चिकटपट्टी असावी, नाहींतर मिठाच्या रस्त्यांवर ॲल्युमिनियम झिजतें. नवा तक्ता घालावयाचा झाल्यास त्याच्या पोकळ नळ्या एका तुळईपासून दुसऱ्या तुळईकडे जातील असा ठेवावा. आपल्याकडे पन्हळी पत्रा वाशांवर घालतात तोच न्याय.

चिकटपट्टीनें सर्व काम भागवूं पाहणाऱ्यांचें मला नवल वाटतें. या प्लॅस्टिकला फारच थोडे डिंक धरतात. पट्टी केवळ फटी बुजविण्यासाठीं, तीहि जागा स्पिरिटनें पुसून. सर्वांत खालच्या ठिकाणीं बारीक जाळी लावलेलें एक छिद्र मुद्दाम ठेवावें. पुढची गळती पोट सुटण्याआधीं थेंबाथेंबानें कळते. पहिल्या पन्नास मैलांनंतर गाडी थांबवून सारे स्क्रू पुन्हां एकदां हातानें तपासावेत.