कुंडीत पुरलेला पेला

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. घरच्या लग्नात त्यांनी सरबतासाठी ‘मक्यापासून बनवलेले, कंपोस्टेबल’ असं छापलेले पारदर्शक पेले आणले. कार्य उरकल्यावर ते सगळे खताच्या ड्रममध्ये गेले. आठ महिन्यांनी खत चाळलं तर पेले जसेच्या तसे! ‘आमची फसवणूक झाली का?’ असं त्या विचारतात.

हा उद्योग मीही केलाय. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जास्वंदीच्या कुंडीत असाच एक पेला पुरला आणि दिवाळीनंतर माती उकरली. शेजारी पुरलेली केळ्याची सालं केव्हाच मातीला मिळाली होती. पेल्याला मात्र बारीक मुळांनी बाहेरून जाळीसारखा वेढा घातला होता. धुतल्यावर काठाखालची अक्षरं लख्ख वाचता आली, त्यात ‘कंपोस्टेबल’ हा शब्दही होता. आणि तो शब्द खोटा नाही. अर्धवट आहे.

असे पेले बहुतेक वेळा पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे पीएलएचे असतात. यातलं लॅक्टिक आम्ल आपल्या घरचंच आहे. विरजण लावल्यावर दह्याला आंबटपणा येतो तो त्याचाच. कारखान्यात मक्यातली किंवा उसातली साखर आंबवून तेच आम्ल काढतात आणि त्याचे हजारो रेणू कडीला कडी जोडून लांब साखळीत गुंफतात. या कड्यांचे सांधे पाण्याने सुटू शकतात. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनला कार्बन घट्ट जोडलेला, तिथे पाण्याचं काही चालत नाही. मग पाणी घातलेल्या कुंडीत माझा पेला का टिकला?

याचं उत्तर चिक्कीत आहे. गुळाचा पाक थंड झाला की काचेसारखा कडक होतो आणि कडाकड मोडतो. काचेसारखा कशाला, ती काचच म्हणायची: साखरेचे रेणू अस्ताव्यस्त असतानाच जागच्या जागी थिजलेले. तीच चिक्की उन्हात तापलेल्या गाडीत राहिली किंवा पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं, की मऊ पडते आणि दाताला चिकटते. रेणूंना हलायला मोकळीक मिळाली, एवढंच. पीएलएही असंच मऊ पडतं, पण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याखाली त्याच्या साखळ्या थिजलेल्या असतात आणि पाण्याला सांधे सोडवायला फार वेळ लागतो. त्यावर गेलं की साखळ्या सैलावतात, पाणी त्यांचे तुकडे करतं आणि पुरेशा लहान तुकड्यांवर जिवाणू ताव मारतात.

म्हणूनच ‘कंपोस्टेबल’ ठरवण्याची प्रमाणित चाचणी साधारण ५८ अंशांवर घेतात. १८० दिवसांत मालातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. पेला या परीक्षेत पास झालेला असतो, पण ती जागा मोठ्या खतप्रकल्पातल्या ढिगासारखी, जिथे टनावारी ओला कचरा आपल्याच उष्णतेने आठवडेच्या आठवडे तापलेला राहतो. घरचा ड्रम चार दिवस गरम लागतो आणि निवतो. कुंडी तर तापतच नाही.

ब्रिटनमध्ये प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पिशव्या मातीत पुरून, समुद्रात बुडवून आणि उघड्यावर टांगून तीन वर्षं वाट पाहिली. २०१९ साली निष्कर्ष आला. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली जाणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाट उचलण्याइतकी मजबूत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती. कुजणं हा एकट्या वस्तूचा गुण नाहीच. ती कुठे पडली, यावर तो तितकाच ठरतो.

आणि इथे मला मोरीस लमॉइन्यची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १९२०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हा माणूस मातीतल्या एका जिवाणूचा अभ्यास करत होता. या जिवाणूच्या द्रावणात हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल उतरतं, ते येतं कुठून? माग काढत तो पेशीच्या आत पोचला. तिथे त्याला त्याच आम्लाच्या कड्यांची लांब साखळी सापडली. तिला आज पीएचबी म्हणतात. आपण पावसाळ्याआधी डाळ-तांदूळ-पापडांची बेगमी करतो ना? कार्बन भरपूर पण नायट्रोजनची टंचाई, अशा वेळी जिवाणू पीएचबीची बेगमी करतो आणि पुढे उपासमारीत ती मोडून खातो. काही जिवाणूंमध्ये कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक भाग हा साठाच असतो. निसर्गाने स्वतः बनवलेलं प्लास्टिक! ते मोडणारी विकरं मातीत आणि समुद्रातही कित्येक जिवाणूंकडे तयार आहेत, त्यांना ५८ अंशांची वाट पाहावी लागत नाही.

इतके लांब रेणू असतात की नाही, यावरच तेव्हा रसायनशास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद चालू होता. लमॉइन्यचे फ्रेंचमधले निबंध कित्येक वर्षं मागे पडले. १९३३ साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत पॉलिथिन अपघाताने सापडलं आणि जग त्याच्या मागे गेलं. खनिज तेल महागल्यावर त्याच आयसीआयने पीएचबीच्या कुळातलं प्लास्टिक बाजारात आणलं. १९९० साली जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या आल्या. पण ते पॉलिथिनच्या कितीतरी पट महाग पडलं, आणि ती अडचण अजून पुरती सुटलेली नाही. आज प्लास्टिकला पर्याय म्हणून चाललेल्या चर्चेत लमॉइन्यचं नाव क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

पीएलएला माझा विरोध नाही. पुण्याच्या प्राज कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, आणि उसाच्या मुलखात असा प्रकल्प उभा राहिल्याचा आनंदच आहे. पण १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले-चमचे देशभर बंद झाले, कंपोस्टेबलना सूट मिळाली आणि लग्नकार्यांत हे पेले सर्रास दिसू लागले. ते तापवणारे ढीग मात्र त्या मानाने वाढलेले नाहीत. औषधाच्या बाटलीवर ‘थंड जागी ठेवा’ असं छापतात, तसं पेल्यावर ‘५८ अंशांच्या ढिगातच कुजतो’ असं ठळक छापण्याची सक्ती झाली पाहिजे.

ताई, ड्रममधून निघालेले पेले पाण्याच्या बाटल्यांबरोबर भंगारात देऊ नका. दिसायला सारखे असले तरी वितळवताना ते बाटल्यांचं प्लास्टिक नासवतात. तुमच्या गावाचा ओला कचरा मोठ्या खतप्रकल्पात जात असेल, तर असे पेले तिथे घेतात का, हे आधी विचारून घ्या. आणि पुढच्या कार्याला भांडीवाल्याकडून स्टीलचे पेले भाड्याने आणा.