उतरलेले वजन टिकवायचे कसे?

"डॉक्टर, महिनाभर रात्रीचे जेवण सोडून चार किलो उतरवले, दिवाळीनंतर पाच किलो वाढले!" ही तक्रार मी दवाखान्यात वारंवार ऐकतो. दोन-तीनदा असे झाले की माणूस हताश होतो आणि मधुमेह, रक्तदाब अंगावर काढू लागतो. खरा धोका इथेच आहे.

दोष केवळ जिभेचा नसतो. उपासमार झाली की भूक वाढते, शरीर काटकसर करते. अमेरिकेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला.

म्हणून उद्दिष्ट लहान ठेवावे. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढ्या उद्दिष्टाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतच २००२ साली दिसले. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात.

मी रुग्णांना सांगतो: आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. चहातली साखर निम्मी करा. ताटात उसळ, पालेभाजी, कोशिंबीर वाढवा. भाकरी एक कमी करा. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी ताक व फळे घ्या. लग्नसराईत किलोभर वाढले तर उपाशी राहू नका. दुसऱ्या दिवसापासून नेहमीचा नेम धरा. मधुमेहाची औषधे चालू असल्यास आहार बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

जो नेम पुढच्या दिवाळीतही पाळता येईल, तोच आज सुरू करावा.