अवधान आणि खिशांतील यंत्र

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दहावींतला मुलगा पुस्तक उघडून बसतो. शेजारीं मोबाइल पालथा पडलेला असतो. तरीहि थोड्या थोड्या वेळानें त्याचा हात तिकडे वळतो. आई त्याला चंचल म्हणते, वडील आळशी ठरवितात. परंतु हा दोष सर्वस्वीं त्याच्या स्वभावाचाच आहे काय?

अवधान म्हणजे अनेक विषयांतून एकाची निवड करणें व इतरांपासून मन परतविणें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं आपल्या ग्रंथांत हेंच प्रतिपादिलें. मात्र मन परतविण्यालाहि शक्ति खर्चावी लागते, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. टेक्सस विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहींचे फोन टेबलावर, कांहींचे खिशांत वा पिशवींत व कांहींचे दुसऱ्या खोलींत ठेवविले. आवाज सर्वांचेच बंद होते. तरी बौद्धिक कसोट्यांत दुसऱ्या खोलींत फोन ठेवणारे टेबलावर ठेवणारांपेक्षां सरस ठरले. पुढें इतरांच्या प्रयोगांत हा फरक प्रत्येक वेळीं आढळला नाहीं. म्हणून हा निष्कर्ष सावधपणेंच स्वीकारला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक अनुभवाची आहे. एका कामावरून दुसऱ्याकडे वळलेलें मन पहिल्याचा कांहीं अंश बरोबर नेतें. सोफी लरॉय या संशोधिकेनें २००९ सालीं यास ‘अवधानाचा अवशेष’ अशा अर्थाचें नांव दिलें. निरोप वाचण्यास क्षणभर पुरतो. पण प्रमेयाचा तुटलेला धागा पुन्हां सांधावा लागतो.

शिवाय यंत्राची रचनाहि मोहांत पाडणारी आहे. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबुतर कळ अधिक चिकाटीनें टोचीत राहतें, असें स्किनर यांच्या प्रयोगांत दिसून आलें. नवा निरोप, नवी पसंती केव्हां येईल याचाहि असाच नेम नसतो. आणि एक चित्रफीत संपतांच दुसरी आपोआप सुरू होते. प्रौढांनाहि न आवरणारा हा मोह कोवळ्या वयांत एकट्यानें आवरावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें हें ओळखलें. महामारीच्या काळांत वर्ग मोबाइलवर भरले. शाळा उघडल्यावरहि तो मुलांच्या हातून सुटेना. तेव्हां २०२२ सालीं ग्रामस्थांनीं ठराव केला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजला, कीं घरोघरीं मोबाइल व दूरचित्रवाणी दीड तास बंद ठेवावयाचीं आणि मुलांनीं पुस्तकें उघडावयाचीं. यांतील मर्म असें, कीं हा नियम केवळ मुलांपुरता नव्हता. तो साऱ्या घराला लागू होता.

शहरांतील घरांना भोंग्याची गरज नाहीं. सातच्या ठोक्याला सर्वांचे फोन दुसऱ्या खोलींत जावे, वडिलांचाहि जावा. त्यानंतरहि मुलाचें मन पुस्तकांत रमलें नाहीं, तर त्याचें कारण शांतपणें शोधतां येईल. तोंपर्यंत त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें होईल.