चौघांची एक दोरी

बालेवाडीला मी सामना बघायला जायचो तेव्हा मुख्य स्टँडच्या मधोमध बसत नसे. पुणे एफसी ज्या गोलचं रक्षण करत असे, त्याच्या अठरा यार्डांच्या रेषेसमोर जागा धरायची आणि मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की पाण्याची बाटली उचलून दुसऱ्या टोकाला जायचं. कॅम्पातल्या मैदानांवर जिल्हा लीगमध्ये मी अकरा वर्षं स्टॉपर खेळलो. त्यामुळे गोल कोण करतो यापेक्षा मागचे चौघं काय करतात, याकडेच माझे डोळे जातात. शिवाय 2009 ते 2013 हे चार हंगाम त्या चौघांना शिकवणारा माणूसही एकेकाळचा स्टॉपरच होता. डेरिक परेरा. ऐंशीच्या दशकात वास्कोच्या साळगावकरकडून, गोव्याकडून आणि भारताकडून खेळलेला बचावपटू.

बालेवाडीत मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, म्हणून खेळ लांबून दिसतो. पण आय-लीगला गर्दी बेताचीच असायची आणि मैदानावरच्या हाका ट्रॅक ओलांडून वर यायच्या. त्या वर्षांत पुण्याच्या मागच्या फळीत तामिळनाडूचा धर्मराज रावणन होता, केरळचा अनस एडाथोडिका होता, नायजेरियाचा चिका वाली होता. काही काळ गोलमध्ये बंगालचा सुब्रत पाल होता. प्रत्येकाची मायबोली वेगळी. अशा फळीत लांब वाक्यं चालत नाहीत. ‘आऊट’, ‘होल्ड’, ‘ड्रॉप’, ‘लेफ्ट’ एवढ्यावर नव्वद मिनिटं निभावतात. हाक एका शब्दाची असावी आणि वेळेआधी असावी. चेंडू येऊन पोचल्यावर दिलेली हाक निव्वळ ओरडा असतो.

मी वहीत लिहून घ्यायचो. चेंडू आपल्या उजव्या कडेला गेला की चौघंही उजवीकडे सरकतात, इतके की डावा बॅक जवळजवळ मैदानाच्या मध्यावर येतो. त्याच्या मागे डावी कड सगळी मोकळी पडते. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, तिथला माणूस सुटला. पण चेंडूला तिथवर पोचायला हवेतून चाळीस-पन्नास यार्ड यावं लागतं आणि तेवढ्या वेळात डावा बॅक परत जागेवर जातो. मोकळी सोडलेली जागा ही ठरवून सोडलेली असते. गोलसमोरची मात्र सोडायची नाही.

दुसरी नोंद मानेची. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या पायांकडे बघायचं ते सगळ्यांत जवळच्या बचावपटूनं. बाकी तिघांनी त्याच्या मानेकडे बघायचं. मान खाली असेल तर तो लांब पास देऊ शकत नाही, म्हणून तेवढ्यात फळी चार-पाच पावलं पुढे येते. मान वर झाली, पाय मागे गेला, की चौघंही एकदम मागे हटतात. ही पावलं टीव्हीवर दिसत नाहीत, कारण कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो. स्टेडियममध्ये ती दिसतात. एका सामन्यात फळी अशी पुढे-मागे किती वेळा होते ते मोजायचा मी प्रयत्न केला होता. मध्यंतरापर्यंत आकडा दीडशेच्या पुढे गेला आणि मी नाद सोडला. त्यातल्या बहुतेक वेळा काहीच घडलं नव्हतं. पास आलाच नव्हता, कारण द्यायला जागा राहिली नव्हती.

मी आता शाळेच्या मुलांना शिकवतो. तेरा-चौदा वर्षांची मुलं. ही सरकण्याची गोष्ट त्यांना तोंडी सांगून कळत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात उमगलं. मग मी नायलॉनची दोरी आणली. चौघांच्या कमरेला ती बांधायची, दोघांमध्ये आठ-नऊ पावलांचं अंतर. समोर तीन मुलं चेंडू इकडून तिकडे फिरवतात. त्यांनी गोल करायचा नाही, चौघांनी चेंडू हिसकावायचा नाही. दोरी ताणलीही जाऊ नये आणि जमिनीला लोळूही नये, एवढंच काम. पहिल्या दिवशी कुणी ना कुणी हिसका बसून पडतो. ज्याला चेंडूचा मोह आवरत नाही तो बाकी तिघांना ओढत नेतो. आठवड्यात मुलांना कळायला लागतं की शेजारचा हलला की आपणही हलायचं. मग दोरी सोडून तोच सराव करायचा. दोरी काढल्यावर काही दिवस एखादं मूल हात कमरेशी नेऊन चाचपतं.

खेळाडू असताना हे सगळं माझ्या अंगात होतं, पण मला सांगता येत नव्हतं. बचावपटूचा प्रशिक्षक होताना खरी अडचण इथे येते. आयुष्यभर जे पायांनी केलं ते तोंडानं मांडायचं. त्यात खेळाचे नियमही मध्येच बदललेले असतात. डेरिक परेरांच्या पिढीनं खेळाची सुरुवात केली तेव्हा संकटात सापडलेला बॅक चेंडू मागे ढकलायचा आणि गोलकीपर तो बिनधास्त हातात घ्यायचा. 1992 साली नियम आला की आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. तेव्हापासून स्टॉपरला पास देता येणं भाग पडलं. त्याआधी, 1990 मध्ये, ऑफसाईडचा नियम बदलला. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समान रेषेत असलेला फॉरवर्ड ऑफसाईड राहिला नाही. पाठीमागून धोकादायक टॅकल केलं तर लाल कार्ड, हा दंडक 1998 च्या विश्वचषकात कडक झाला. मागे एकटा मोकळा राहून सगळं साफ करणारा स्वीपर हळूहळू नाहीसा झाला आणि सपाट चौघांची फळी आली. म्हणजे ज्या कौशल्यावर या माणसांनी नाव कमावलं, त्यातलं बरंचसं त्यांना शिष्यांना शिकवायचंच नव्हतं. आपलीच विद्या बाजूला ठेवून नवी शिकायची आणि मग शिकवायची. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

परेरांनी ते करून दाखवलं. 2005-06 च्या हंगामात मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्याच हंगामात फेडरेशन कपही. पुढे पुणे. आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात, 2009-10 मध्ये, पुणे एफसी तिसरी आली. 2012-13 मध्ये दुसरी, फक्त चर्चिल ब्रदर्सच्या मागे. नंतर ते आपल्या जुन्या साळगावकरकडे गेले आणि 2014 च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकरनं 1-0 नं हरवलं ते नेमकं पुणे एफसीला. त्या निकालानं मला वाईट वाटलं हे कबूल करतो. पण एक गोल करून तो राखायचा, हा स्टॉपरच्या मनासारखाच निकाल होता.

दुसरे गोमंतकीय स्टॉपर महेश गवळी. डेम्पोच्या भरभराटीच्या काळातले आणि भारतीय संघाचे बचावपटू, पुढे राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक. 2023 च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्डांमुळे बंदी आली आणि बंगळुरूत लेबनॉनविरुद्धचा उपांत्य सामना व कुवेतविरुद्धचा अंतिम सामना गवळींनी सांभाळला. दोन्ही सामने पेनल्टी शूटआऊटपर्यंत गेले, दोन्ही भारतानं जिंकले. लेबनॉनविरुद्ध एकशेवीस मिनिटांत भारतानं एकही गोल खाल्ला नाही. मी ते सामने टीव्हीवर पाहिले आणि फार तळमळलो, कारण कॅमेरा चेंडूमागे धावत होता आणि मला मागची फळी हवी होती.

मला खंत आहे ती वेगळीच. चार माणसांची फळी एका हंगामात बसत नाही. एकमेकांची पावलं ओळखीची व्हायला दोन-तीन वर्षं जातात, त्यानंतर कुठे हाक न देता काम होतं. एवढा वेळ प्रशिक्षकाला मिळायचा तर आधी क्लब टिकायला हवा. महिंद्रनं 2010 मध्ये संघ बंद केला. साळगावकर 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. पुणे एफसी गेली, त्याच शहरातली भारत एफसी एका हंगामात संपली, डीएसके शिवाजियन्स गेला, आयएसएलमधली एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेली. अनस पुण्यातून पुढे भारताच्या फळीत गेला आणि 2019 च्या आशिया चषकात खेळला. पण त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला त्याच मैदानावर तेच शिक्षण मिळेल, अशी व्यवस्था शहरात उरली नाही. क्लब बंद होतो तेव्हा वर्तमानपत्रं पैशांबद्दल लिहितात. तिथे रुजत आलेली ही विद्याही त्याच्याबरोबर जाते, त्याची कुठे नोंद होत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असो, नाहीतर तुमच्या गावातल्या शाळेचा. दहा मिनिटं चेंडूवरून नजर काढा आणि एका संघाच्या मागच्या चौघांकडे बघा. त्यांच्यातलं अंतर बघा. आणि सामना संपल्यावर त्यांना शिकवणारा माणूस भेटला, तर गोल करणाऱ्या मुलाबद्दल बोलून झाल्यावर या चौघांबद्दलही त्याला विचारा. तो थांबून, वेळ काढून सांगेल.